पुढचं वळण सांगणारी इल्दे

रावोल गावात इल्देला कुठंही पोचायला जरा उशीर झाला की लोक हसतात. बेकरीतला पाव संपल्यावर ती आली, किंवा प्रार्थना सुरू झाल्यावर चर्चच्या मागच्या दारानं आत शिरली, की कुणीतरी हमखास म्हणणार, "काय इल्दे, आज पण उशिरा सांगितलंस वाटतं?" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. विनोद जुना झाला की तो गावाच्या मालकीचा होतो, मग त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. इल्दे पाव घेतल्याशिवाय परत फिरते, नाहीतर मागच्या बाकावर बसते, आणि गप्प राहते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा असतो.

तिचा नवरा ओलिवो आठवडाभर लाकडाचा ट्रक चालवायचा. डोंगरातून ओंडके भरायचे, खाली करवतीच्या कारखान्यात टाकायचे, की परत डोंगरात. रविवारी मात्र तो शेडचं दार उघडून आपली हिरवी गाडी बाहेर काढायचा. दोन माणसांची, बसकी, कापडी टपाची गाडी. टप मागं ढकलला की डोक्यावर नुसतं आभाळ. लग्नाच्या वर्षी त्यानं ती तोल्मेझ्झोच्या एका दातांच्या डॉक्टरकडून जुनी घेतली होती. मूलबाळ झालं नाही, गाडी मात्र टिकली.

आमच्या कार्नियाच्या दऱ्यांत जेवढे घाट तेवढ्या शर्यती. त्यांचे नियम बरेच आहेत आणि बरेचसे लोक मोडतात, पण एक कुणी मोडत नाही: गाडीत दोघं हवेत. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं शेजारी बसून रस्ता सांगायचा. बाकीचे लोक मेहुण्याला नाहीतर मित्राला बसवत. ओलिवोचं ओरडणं सोसेल असा मित्र गावात उरला नव्हता, म्हणून त्यानं बायकोला बसवलं.

इल्दे तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. शाळेभराच्या पोरांचा पास्ता एकाच वेळी पाण्यातून काढायचा, तोही गिचका होऊ न देता, म्हणजे पुढं काय होणार ते आधी कळावं लागतं. रस्ता सांगण्यातही तेच आहे. जे वळण समोर दिसतंय ते चालवणाऱ्यालाही दिसतं, ते सांगून काय उपयोग? त्याच्या पुढचं, डोंगराआडचं, ते सांगायचं. "उजवं, लांब. मग डावं, आवळतं. मग पूल, अरुंद." गाडी पहिल्या वळणात असते तेव्हा सांगणाऱ्याचं तोंड तिसऱ्यावर पोचलेलं असतं. सुरुवातीला ती कागदात बघून सांगायची, नंतर कागद नुसता मांडीवर असायचा. कार्नियातले सगळे घाट तिला जपमाळेसारखे पाठ झाले.

गाडी मात्र तिनं कधी चालवली नाही. लायसन्स होतं, शाळेत ती स्वतःच्या खटाऱ्यातून जायचीच. पण हिरव्या गाडीचा विषय काढला की ओलिवो म्हणायचा, "त्या गाडीला दोनच हात कळतात. चार हात लागले की बिघडेल." आणि इल्दे पुन्हा उजवीकडच्या जागेवर जाऊन बसायची. आमच्याकडं चालवणारा डावीकडं असतो, सांगणारा उजवीकडं. म्हणजे दरी बहुधा सांगणाऱ्याच्या बाजूला.

मग मोन्फ्रेदची ती शर्यत झाली. मोन्फ्रेद म्हणजे गावाच्या डोक्यावरची खिंड, ओलिवोचा घरचाच रस्ता म्हणा ना. जुन्या चुनाभट्टीपाशी एक उजवं वळण आहे, आत आत आवळत जाणारं. इल्देनं ते नेहमीच्या जागी, नेहमीसारखं सांगितलं. ओलिवो सरळ गेला. गाडी दगडी कठड्यावर आदळली, तिचं नाक आत गेलं, रेडिएटर फुटून वाफ निघाली. दोघांना खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. लोक धावत आले तेव्हा ओलिवो खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिनं उशिरा सांगितलं." नाचता येईना अंगण वाकडं. पण अंगण गप्प राहिलं आणि गावानं नाचणाऱ्याचं ऐकलं.

पुढच्या उन्हाळ्यात उदिनेच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू आहे, बराच जुना. कडेचं दिसणं आधी जातं आणि माणसाला ते कळतही नाही. उजव्या अंगाचं तर केव्हाचंच गेलं असणार. बाहेर बोळात बाकावर दोघं बसली. ओलिवो बराच वेळ आपल्या टोपीची कड फिरवत राहिला.

"म्हणजे वळण मलाच दिसलं नाही. तू वेळेवर सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"कॉफीचं मशीन कुठं आहे बघ जरा."

संपलं. चूक चौकात लादली होती, माफी बोळात आटोपली. गावात परत आल्यावर त्यानं ब्र काढला नाही, आणि इल्देनंही काढला नाही. आधीच ज्याचं सगळं काढून घेतलं जाणार आहे त्याच्याशी आणखी काय भांडायचं, असा तिनं विचार केला. तो विचार चांगल्या बाईचा होता, पण चांगलेपणानं पोट भरत नाही हे तिला पुढं कळलं.

कारण पुढची वर्षं फार शांत गेली. ओलिवोचं दिसणं कडेकडेनं आत सरकत गेलं, मग एका थंडीत मधलंही गेलं. काठी त्यानं घेतली नाही. स्वयंपाकघरातल्या लाकडाच्या चुलीशेजारी एक खुर्ची होती, तीच त्याची झाली. रेडिओ सकाळी लागायचा तो रात्री बंद व्हायचा. इल्दे शाळेतून निवृत्त झाली. घरात दोन माणसं होती आणि आवाज रेडिओचा होता. ती सांगायची, मोन्फ्रेदवर बर्फ पडलं, पार गावाबाहेरच्या चॅपलपर्यंत खाली आलंय. तो म्हणायचा, "हं." ती सांगायची, पुलापलीकडची बेकरीण पडली, पाय मोडला. "हं." जिच्या शब्दावर विसंबून तो स्टिअरिंग फिरवायचा, तिच्या बोलण्याला आता तेवढंच उत्तर उरलं होतं.

त्यातूनच तिच्या डोक्यात ते आलं. शेडमध्ये गाडी ताडपत्रीखाली पडून होती, नाक चेमटलेलं, टप उंदरांनी खाल्लेला. ती दुरुस्त करायची. ओलिवोला दिसत नाही, पण घाट तर त्याच्या डोक्यात असणारच, इतकी वर्षं चालवलेत. मी चालवीन, तो सांगेल. त्याला खुर्चीतून उठायला कारण मिळेल. हे ती स्वतःला सांगायची आणि ते खरंही होतं. पण खालचं खरं वेगळं होतं. तिला एकदा तरी शेजारी बसून कुणीतरी पुढं काय येतंय ते सांगायला हवं होतं. जन्मभर ती दुसऱ्याला सांगत आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं: मूल होणार नाही हे नाही, म्हातारपण असं भिंतीकडं तोंड करून बसेल हेही नाही. सगळी वळणं तिच्यावर न सांगता आली. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी म्हणावं, इल्दे, डावं येतंय, आवळतं आहे, सांभाळ. एवढ्यासाठी तिनं गाडी बाहेर काढली, लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

पुलाजवळ एर्मेसचं गॅरेज आहे. त्यानं शेडमध्ये येऊन ताडपत्री उचलली, आत डोकावला आणि उंदराचं घरटं चिमटीनं बाहेर काढलं.

"ही दुरुस्त करायची? का?"

"चालवायला."

"कोण चालवणार? तो?"

"मी."

एर्मेसनं तिच्याकडं पाहिलं. तो ओलिवोच्याच वयाचा, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं त्याहून काळं. "तुला चालवायचीय आणि नवऱ्याला विचारलं नाहीस. बरं आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी वेळेवर करते आहेस."

"एर्मेस, तू पण?"

"मी गंमत केली गं."

"माहीत आहे. सगळेच करतात."

त्यानं मान खाली घातली आणि बोनेट उघडायच्या खटपटीला लागला. त्या थंडीत गाडी त्याच्याकडंच होती. नाक ठोकून सरळ झालं, रेडिएटर बदलला, क्लचप्लेट आणि ब्रेकच्या नळ्या नव्या पडल्या, तोरिनोच्या एका ओळखीच्या माणसाकडून टप शिवून आला. रंग मात्र तोच हिरवा, एर्मेसनं आठवणीवरून मिसळलेला. जुन्यापेक्षा किंचित गडद झाला, पण ते सांगायला डोळे लागतात, आणि घरातल्या मालकाला ते नव्हते.

बर्फ वितळून घाट उघडले तेव्हा एका सकाळी इल्देनं गाडी दारासमोर आणून उभी केली आणि इंजिन चालू ठेवूनच घरात गेली. ओलिवो मक्याच्या पिठाच्या पोलेंटाचा घास घेत होता. चमचा तोंडाजवळ थांबला. इंजिन ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

"कुणी केली?"

"एर्मेसनं. ऊठ, टोपी घाल. मी चालवते, तू रस्ता सांग."

चमचा ताटलीत गेला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि इल्देला वाटलं, झालं, जमलं. पण मग तो चेहरा नेहमीचा झाला.

"मी बोचकं म्हणून उजवीकडं बसणार नाही."

"मी बसले ना इतकी वर्षं."

"तुझी गोष्ट वेगळी."

"कशी?"

"तुला जमायचं बसायला." त्यानं रेडिओचा आवाज वाढवला. सुंभ जळला, पीळ जाईना. बाहेर गाडी पेट्रोल जाळत होती. इल्देनं त्याचीच टोपी खुंटीवरची काढून स्वतःच्या डोक्यावर बसवली आणि निघाली. एकटीच.

त्या मोसमात ती खूप फिरली. आधी जवळचे घाट केले, मग सौरीसवरून राझ्झोच्या पठारावर, तिथून काडोरेत, आणि पुढं दोलोमिती डोंगरांतल्या खिंडी, एकीवरून उतरलं की दुसरी सुरू. शेजारीणबाई ओलिवोच्या जेवणाचं बघायची आणि गावभर सांगत सुटायची की इल्देला म्हातारचळ लागला. लागला असेलही. टप मागं टाकून, नवऱ्याची टोपी हनुवटीखाली रुमालानं बांधून, साठी उलटलेली बाई हिरव्या गाडीतून जाताना दिसली की लोक थांबून बघायचे. खिंडीवर मोटारसायकलवाले यायचे, गाडीचा फोटो काढायचे आणि तिला म्हणायचे, "जरा बाजूला व्हाल का?" ती व्हायची. खानावळीत गेलं की दोन ताटल्या मांडल्या जायच्या, कारण असल्या गाडीतून एकटं कोण येतं? मग विचारायचे, साहेब गाडी लावताहेत का? ती म्हणायची, नाही, एकटीच आहे. दुसरी ताटली, दुसरा पेला, दुसरा काटा उचलला जायचा. चीज आणि बटाट्याचा फ्रिको ती घरी जास्त चांगला करायची, पण बोलायला तिथं निदान वाढणारी मुलगी असायची.

उजव्या सीटवर ती पिशवी ठेवायची. पिशवी वळणावर घरंगळायची म्हणून तिला पट्टा लावायची. आणि गाडी घाटाला लागली की सांगायला सुरुवात करायची. सवय होती ती, जीभ ऐकायचीच नाही. "उजवं, लांब. मग डावं. सावध, गोटे." मोठ्यानं, वाऱ्यावर, पट्ट्यातल्या पिशवीला. सांगितलं की गाडीत दोघं असल्यासारखं वाटायचं. पहिले काही दिवस ती स्वतःच्याच आवाजावर खूष होती.

घात झाला तो राझ्झोवरून उतरताना. गाडी डाव्या वळणात होती. इल्देचं तोंड नेहमीप्रमाणं पुढच्यावर, "उजवं, आवळतं," आणि शब्द निघाला तसे हात उजवीकडं गेले. जन्मभर तो शब्द ऐकला की कुणाचे तरी हात फिरायचे. या वेळी हातही तिचेच होते, आणि त्यांनी डोळ्यांचं ऐकायच्या ऐवजी तोंडाचं ऐकलं. जे वळण अजून आलंच नव्हतं ते तिनं घेतलं. गाडी रस्ता सोडून कडेच्या दगडी खांबाला खरडत जाऊन थांबली. खांबापलीकडं झाडांचे शेंडे होते. इंजिन बंद पडलं. खाली कुठंतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, बाकी काही नाही. ती स्टिअरिंग धरून बसून राहिली आणि रडली, भीतीनं नव्हे, तर आपण कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं आणि कुणाला ते सुचेना, म्हणून.

एर्मेसनं उजवं मडगार्ड पाहिलं आणि हातातला बोळा आपटला. "थंडीभर घासत होतो मी हे. डोळे कुठं होते तुझे?"

"डोळे समोर होते. तोंड पुढच्या वळणावर होतं." तिनं काय झालं ते सांगितलं.

एर्मेस शर्यतींत वाढलेला, त्याला लगेच समजलं. तो हसला नाही. "हे दुसऱ्या कुणाला झालं नसतं. सांगणाऱ्यानं चालवू नये ते याचसाठी. बरं, उपाय सोपा आहे. गप्प बसून चालव."

"गप्प बसले की गाडीत कुणीच नसतं."

मडगार्ड नंतर करू, आधी चाकाची दिशा तपासतो, असं काहीतरी एर्मेस पुटपुटला. मडगार्ड तसंच राहिलं, कारण इल्देनं गाडी उचलून घरी आणली आणि शेडमध्ये घातली. पुन्हा ताडपत्री टाकायची हे तिनं ठरवलं होतं. विकावी का, हाही विचार आला. एकटीनं सांगायचं आणि एकटीनं ऐकायचं, यात काही राम नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती कपडे वाळत घालून आली तर चुलीशेजारची खुर्ची रिकामी. रेडिओ चालू, माणूस नाही. तिच्या काळजाचा ठोका चुकला. परसात, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, कुठं नाही. शेवटी तो शेडमध्ये सापडला. भिंतीला धरून गेला असणार. उकिडवा बसून गाडीच्या उजव्या अंगावरून दोन्ही हात फिरवत होता, जनावराच्या जखमेवरून फिरवावे तसे.

"डाव्या वळणात उजवीकडं गेलीस," तो तिच्याकडं न वळताच म्हणाला.

"हो."

"पुढचं सांगत होतीस?"

"हो."

"कुणाला?"

ओलिवो गुडघ्यावर हात टेकून उठला. अंगावरची धूळ झटकली, जिथं नव्हती तिथली सुद्धा. "अशी चालवलीस तर गाडीची वाट लावशील. टोपी कुठंय माझी? मी सांगतो वळणं. तू नुसतं चालव, तोंड बंद ठेव."

हुकूमच होता तो, पण इल्देला तो आमंत्रणासारखा वाटला. इतकी खूष ती लग्नातही झाली नसेल. तिनं पिशवी काढून मागं टाकली, त्याला हात धरून उजवीकडं बसवलं, टोपी त्याच्या डोक्यावर घातली, पट्टा लावला. गाडी जाताना शेजारीणबाईनं खिडकीतून मान काढली. दोघं मोन्फ्रेदच्या रस्त्याला लागली.

"चॅपल आलं की उजवं," ओलिवो म्हणाला. आवाज खणखणीत, वर्षानुवर्षांचा गंज एकदम उतरलेला. "मग डावं, लांब. दुसऱ्या गिअरवर ठेव."

चॅपल आलं, उजवं आलं, मग डावं, लांब. इल्देचे डोळे भरले. तिला काही लक्षात ठेवायचं नव्हतं, काही आधी ओळखायचं नव्हतं. येईल ते कुणीतरी तिच्यासाठी आधीच बघून ठेवलं होतं. आपलं ओझं दुसऱ्यानं घेतलं की चालताना खांदे हलके होऊन कसं वेडंवाकडं वाटतं, तसं तिला वाटलं.

"आता डावं, मोकळं," तो म्हणाला.

आलं ते उजवं, आणि मोकळं मुळीच नव्हतं. तिनं डोळ्यांनी पाहून ते घेतलं. चुकलं असेल एखादं.

"मग... उजवं. पूल." पूल केव्हाच मागं पडला होता. "नाही, थांब. पुलाच्या आधी एक आहे. डावं. डावं ना?" ती बोलली नाही. तोंड बंद ठेव म्हणाला होता. त्यानं आणखी दोन सांगितली, दोन्ही नव्हती. मग तो थांबला. नुसता वारा आणि इंजिन. चुनाभट्टीचं वळण कधी येऊन गेलं ते त्याला कळलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही.

"इल्दे," तो म्हणाला, "माझ्याकडं रस्ता नाहीये."

"आठवेल. सावकाश सांग."

"आठवायला असला तर आठवेल. तो तुझ्याकडं होता. माझ्याकडं नुसता तुझा आवाज आहे. तू आवळतं म्हणायचीस ते ऐकू येतं, अगदी कानात. पण कुठलं आवळतं, ते नाही." त्यानं टोपी काढून मांडीवर घेतली. "मला वाटलं होतं मला येतो."

इल्देलाही तसंच वाटलं होतं. त्या एका गोष्टीवर तिनं थंडीभर दिवस काढले होते. तिनं मागता मागता चुकून रिकाम्या डब्याकडं मागितलं होतं, आणि डब्यालाही ते आताच कळलं होतं. राग यावा तर कुणाचा?

"तू सांग," ओलिवो म्हणाला. "सांग ना. म्हणजे मला दिसेल."

तिनं सांगितलं. गाडी सावकाश घेतली, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, पोरानं चालवावी तशी, आणि सांगत गेली. "डावं, लांब. मग उजवं, वर चढतं. मग लगेच डावं." ओलिवो ताठ बसला. त्याचे हात वर आले, हवेत गोल धरले गेले, आणि प्रत्येक वळणाला बरोबर फिरले. पाय खाली क्लच शोधत होता. तो हसत होता, मोठ्यानं, तोंडात वारा घेत. इतक्या वर्षांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. आणि तिचे हात दोनदा पुढच्या वळणाला धावले, दोनदा तिनं ते खेचून आणले. घाम फुटला तिला. शेजारी माणूस बसलेला होता, नवरा होता, खूष होता, आणि तरी सांगणारीही तीच होती, चालवणारीही तीच. राझ्झोवर होती त्याहून ती जास्त एकटी होती.

खिंडीवर तिनं गाडी थांबवली. वर गवत, लांबवर दोन घोडे, पलीकडच्या दरीत ढग.

"आता उतार," ओलिवो तळहात चोळत म्हणाला. "उतार तर तू फार छान सांगायचीस. चल."

"उतार सांगणार नाही मी."

"का? दमलीस?"

"सांगितलं की हात चुकतात. उतारावर चुकून चालणार नाही."

"मग मला कसं कळणार काय येतंय ते?"

"आलं की कळेल."

तिनं हँडब्रेक सोडला. पहिलं वळण उजवं होतं. ओलिवोनं डावं धरलं असावं, त्याचा खांदा तिच्या खांद्यावर येऊन आपटला. दुसऱ्याला तो दाराकडं फेकला गेला. तिसऱ्याला त्यानं अंदाज करणं सोडलं आणि दोन्ही हातांनी समोरची पट्टी धरली. इल्दे गप्प होती. तिचे डोळे, तोंड आणि हात प्रथमच एकाच वळणात होते, आणि गाडी लोण्यासारखी जात होती. खूप खाली नदीचा आवाज यायला लागला.

"इल्दे." त्याचा आवाज बारीक झाला होता. "मला भीती वाटते गं."

"मलाही वाटायची. तिथं बसून. दर रविवारी."

"कधी बोलली नाहीस ते."

"बोलतच तर होते मी, ओलिवो. एवढी वर्षं. तुला वाटलं, मी वळणं सांगते आहे."

त्याचे हात पट्टीवरच राहिले. समोर डावं वळण येत होतं. तिनं गिअर उतरवला आणि ते घेतलं.